फुलांच्या गावात रेसची गाडी

मुदखेड म्हटलं की नांदेडकर दोनच गोष्टी सांगतात. एक जंक्शन, दुसरी फुलं. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लाइनीला आदिलाबादचा फाटा इथंच फुटतो. आणि गावाभोवतीच्या शिवारात गुलाब, गलांडा, काकडा, झेंडू असं बरंच काही पिकतं. पहाटे रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, की मागं फुलांची गाठोडी बांधलेल्या मोटरसायकली नांदेडच्या दिशेनं पळताना दिसतात. वास आधी येतो, गाडी नंतर!

पण मी मुदखेडला गेले ती तिसऱ्याच गोष्टीसाठी. माझा मावसभाऊ. वय सव्वीस, नोकरी औषध कंपनीत, आणि जीव अडकलाय एका सेकंडहॅण्ड यामाहा आर १५ मध्ये. ही गाडी घेऊन त्याला चेन्नईच्या रेस ट्रॅकवर उतरायचंय. मुदखेडमधून! पुण्यातल्या माझ्या ग्रुपमध्ये हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी बॅग भरली.

दीडशे सीसीचं स्वप्न

आर १५ भारतात आली २००८ मध्ये. दीडशे सीसीला एक कमी, म्हणजे १४९ सीसीचं इंजिन, पण लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर आणि मोठ्या रेसिंग गाड्यांसारखी डेल्टाबॉक्स फ्रेम. किंमत तेव्हा लाखाच्या आत. तोवर पोस्टरवर दिसणारी गाडी एकदम तालुक्याच्या गावातल्या पोराच्या आवाक्यात आली. २००१ मध्ये पल्सर आली तेव्हा पोरांना पॉवर कळली होती. आर १५ नं त्यांना कॉर्नर म्हणजे काय ते शिकवलं.

भावाची गाडी आहे त्यानंतरची, व्हर्जन टू. हे मॉडेल २०११ मध्ये आलं. मागं १३० चा जाड टायर, दोन वेगळ्या सीटा, ताकद साधारण सतरा हॉर्सपॉवर. आजच्या हिशोबानं हे काहीच नाही. पण उस्तादांचं म्हणणं ऐका.

उस्ताद म्हणजे स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या गॅरेजचे मालक. साठीला आलेत. हात घातला तो राजदूत आणि येझदीत, मग आरएक्स १०० वर नाव कमावलं. बोलणं नांदेडचं, म्हणजे अर्धं मराठी, अर्धं हैदराबादी. मला बघून म्हणाले, "पुण्याहून आलाव का ताई? बसा. चहा सांगतो. गाडीचं मग बोलू."

चहा आला, गाडीचं बोलणंही झालं. "हॉर्सपॉवर सतरा असो नाहीतर सत्तर, पळवणारं पोरगं शिकलेलं नसलं तर दोन्हीचा उपयोग एकच. बारीक गाडीवर चूक झाली तर लवकर कळती. मोठ्या गाडीवर कळायच्या आत माणूस खाली."

आधी थांबायचं शिक

भावाला सगळ्यात आधी हवा होता सायलेन्सर. मोकळा, जोरात वाजणारा. उस्तादांनी नकार दिला आणि कागदावर क्रम लिहून दिला. तो कागद गॅरेजच्या भिंतीवर अजून चिकटवलेला आहे: ब्रेक, टायर, चेन, सस्पेन्शन. इंजिन सगळ्यात शेवटी.

यामागचं गणित सोपं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. मग आधी पळायची सोय करायची की थांबायची? म्हणून पहिला खर्च झाला तो पुढच्या ब्रेक पॅडवर, ताज्या डॉट फोर ऑइलवर आणि स्टीलची जाळी असलेल्या ब्रेकच्या पाइपवर. रबरी पाइप जुना झाला, तापला की दाबाखाली फुगतो आणि लिव्हर मऊ लागतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी चालवा किंवा झाकून ठेवा, दोन वर्षांनी ते बदलायचंच.

दुसरा नंबर टायरचा. इथं पोरांची हौस उलटी चालते. पहिल्या आर १५ ला मागं १०० चा टायर होता. तिला आता सर्रास १४० चा टायर ठोकतात. दिसायला सही! पण अरुंद रिमवर रुंद टायर दाबला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि गाडी वळणात जड होते. "फोटोसाठी घेतला का चालवायला?" हा उस्तादांचा ठरलेला प्रश्न.

सायलेन्सरचंही तेच. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला नुसती मोकळी नळी लावली, की इंधन आणि हवेचं प्रमाण बिघडू शकतं. ईसीयूचं ट्यूनिंग न करता हातात येतो तो मुख्यतः आवाज. आणि रस्त्यावर तो कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतानाचे पोलिसांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

इंजिनबद्दल उस्तादांनी एक गोष्ट सांगितली, ती मला भन्नाट वाटली. पूर्वी गाडी धूर मारायला लागली की सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकायचे. प्रत्येक तालुक्यात हे काम करणारा कुणीतरी असायचाच. आर १५ चा सिलिंडर ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा. आत लोखंडी लायनर नाही. त्याला बोअर मारता येत नाही, खराब झाला तर बदलावाच लागतो. म्हणून इथं ऑइल वेळेवर बदलणं ही शिस्त नाही, बचत आहे.

काळी माती, बोअरचं पाणी

मुदखेडमध्ये गाडी सांभाळणं हे पुण्यापेक्षा वेगळं काम आहे. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. जोराच्या प्रेशरनं धुतलं तर जाळीच्या नाजूक पात्या वाकतात, म्हणून साध्या नळीनं मागून पुढं धुवायचं. कूलंट कमी झालं की लोक बोअरचं पाणी ओततात. त्यातला क्षार आत थर धरतो. चेन दर आठवड्याला केरोसिननं पुसून ईपी ९० ऑइल लावायचं. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला उघडून बघायचा.

आता पेट्रोलचीही भर पडलीय. पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. भावाची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून उस्ताद दर सर्व्हिसला पेट्रोलची रबरी नळी आणि सील बोटानं दाबून बघतात. कडक लागली की बदल.

घाट

हे सगळं ऐकताना मजा येत होती. मग संध्याकाळी मावशीकडं जेवायला बसले आणि विषय बदलला.

मुदखेडहून भोकरकडं जाताना सीताखांडीचा घाट लागतो. लहानसाच, पण या सपाट मुलखात वळणं म्हणजे तीच. त्यामुळे आसपासच्या पोरांचा ट्रॅक तोच. तीन वर्षांपूर्वी भावाचा कॉलेजातला मित्र त्या रस्त्यावर गेला. समोरून ट्रॅक्टर आला, ट्रॉलीला मागं दिवा नव्हता की पुढं अंधार होता, यावर अजून वाद चालतो. भाऊ त्या दिवशी मागच्या गाडीवर होता.

"मी म्हणलं, इकून टाक," मावशी भाकरी थापता थापता म्हणाली. "तर म्हणतो, इकल्यावर दुसऱ्याची घेऊन जाईन. मग काय करावं माय?"

शेवटी दोघांत तह झाला. रस्त्यावर गाडी साठच्या वर जाणार नाही. घाटात रेस नाही. त्याच्या बदल्यात वर्षातून एकदा ट्रॅकवर जाऊ द्यायचं, आणि त्याचा खर्च तो स्वतः करेल. मावशीला रेस पटलेली नाही. तिला एवढंच पटलंय की तिथं समोरून ट्रॅक्टर येत नाही.

आणि हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात. कडेला झाड नाही, पळायला मोकळी जागा आहे, झेंडा दाखवणारे मार्शल आहेत, ॲम्ब्युलन्स उभी आहे. अंगात लेदर सूट असल्याशिवाय आत सोडत नाहीत. पण अख्ख्या मराठवाड्यात असा ट्रॅक नाही. देशातले नावाजलेले ट्रॅक मोजायला एका हाताची बोटं पुरतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरजवळचा २००३ मध्ये सुरू झालेला कारी स्पीडवे, आणि दिल्लीजवळचा २०११ चा बुद्ध सर्किट, जिथं २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. चाकणला जगभर जाणाऱ्या केटीएम बनतात, पण बीड-परभणीच्या पोराला वळण शिकायला घाटच उरतो.

पार्सल: एक मोटरसायकल

ट्रॅकसाठी गाडी तयार करणं म्हणजे बरंचसं काढून टाकणं. आरसे, नंबर प्लेट, साइड स्टँड सगळं उतरतं. दिव्यांवर टेप, म्हणजे पडलीच तर काच ट्रॅकवर पसरत नाही. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं तर मागचा घसरतो. ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेनं बांधायचा. मागचं स्प्रॉकेट दोन दाते मोठं, म्हणजे टॉप स्पीड थोडा कमी पण वळणातून बाहेर पडताना ओढ जास्त. घरी आल्यावर सगळं परत जागच्या जागी, कारण ही गाडी सोमवारी डॉक्टरांच्या व्हिजिटलाही जायची असते.

भाऊ गाडी चालवत नेणार नाही. नांदेडहून रेल्वे पार्सलनं पाठवणार. टाकी रिकामी करायची, आरसीची आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची, पोत्यात गुंडाळायची. उस्तादांनी पोती कुठून आणली? फुलांच्या व्यापाऱ्याकडून. पुढच्या चाकाभोवती गुंडाळलेल्या बारदानात वाळलेल्या गलांड्याच्या पाकळ्या अडकल्या होत्या. कुणी झटकल्या नाहीत.

मी निघाले तेव्हा मावशी भावाच्या बॅगेत चटणी भरत होती आणि विचारत होती, "तिथं हेल्मेट काढायला लावत नाहीत ना रे?"

जायचंय?

कसं जाल: मुंबईहून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेस. पुण्याहून नांदेड, पुढं पंचवीसेक किलोमीटर रस्त्यानं किंवा पॅसेंजरनं.
कधी जाल: दिवाळी ते महाशिवरात्र. फुलांची गडबड बघायची तर पहाटे पाचला उठा.
बाइकवर जाणार असाल तर: टायरची हवा थंड असताना तपासा, ब्रेक ऑइलची तारीख आठवा, आणि अंधार पडल्यावर घाट नको. उस्तादांच्या शब्दांत, "दिवसा बी रस्ता तोच असतो, फक्त दिसतो."