एडनचा कोळसा

मुंबईहून पश्चिमेस निघालेल्या बोटीवरून एडनचे जे प्रथम दर्शन घडते ते काळ्याकभिन्न, दंतुर आणि तृणहीन डोंगरांचे. जुने शहर विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखातच वसलेले असल्यामुळे त्याला क्रेटर हे नाव पडले आहे, आणि खिंडीतून तेथे उतरल्यावर चहूबाजूंचे ते दग्ध पाषाण पाहताना, या उजाड जागी एका बलाढ्य सत्तेने फौज का उतरवावी, हा प्रश्न मनात उठल्यावाचून राहत नाही.

सरकारी दप्तरातील उत्तर सरळ आहे. १८३७ च्या जानेवारीत ‘दर्या दौलत’ नावाचे, इंग्रजी निशाणाचे एक जहाज एडनजवळ फुटले, माल लुटला गेला, हजला निघालेले उतारूही नागवले गेले. आणि त्या लुटीच्या भरपाईचा तगादा घेऊन मुंबई सरकारचे कॅप्टन हेन्स लहेजच्या सुलतानाकडे आले. परंतु याच हेन्सनी १८३५ सालीच या बंदराची पाहणी केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उत्तराचा पाया ढासळतो. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझच्या पहिल्या सफरीस निघाली, तेव्हा उतारूंच्या खोल्यांतूनही कोळसा भरावा लागला होता, आणि अकरा दिवसांनी एडन गाठेपर्यंत तो संपत आला होता. विलायतेची टपाल तांबड्या समुद्रातून जलद न्यायची, तर वाटेत कोळशाची वखार हवी, बंदर खोल हवे, आणि अरबस्तानात पुढे सरकणाऱ्या इजिप्तच्या महंमद अलीच्या हाती ते पडता कामा नये. ज्यांच्या नावाचा ग्रँट रोड मुंबईकर रोज तुडवतात, त्या गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी एडनचा आग्रह धरला तो या हिशेबानेच.

सुलतानाने बराचसा माल परत केला, वार्षिक ८,७०० डॉलरच्या मोबदल्यात बंदर देण्याची बोलणीही झाली. ती फिसकटताच १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून आलेल्या गोऱ्या व देशी शिपायांनी, युद्धनौकांच्या तोफांच्या आडोशाने, एडन घेतले. समोरच्या सिरा बेटावर तोफगोळे पडत होते तेव्हा गावात जेमतेम सहाशे माणसांची वस्ती होती.

तवीलाची टाकी मी सावकाश पाहिली. डोंगराच्या घळीत एकाखाली एक उतरणारी, आतून गुळगुळीत गिलाव्याची ही जलाशयमालिका हाताखाली थंड लागते, आणि पावसाचा थेंब अन् थेंब साठवणाऱ्या त्या पूर्वजांचे कसब पाहून मस्तक नम्र होते. इंग्रजांनी ज्या ठिकाणाकडे केवळ कोळशाचे कोठार म्हणून पाहिले, तेथे एक संस्कृती शतकानुशतके नांदत होती.

मराठी माणसाला एडनची आणखी एक ओळख आहे. मुंबई इलाख्याच्या अमलाखाली गेलेल्या या बंदरात क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना बंदिवान करून ठेवले होते. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत येथेच झाला. ज्या सत्तेने परक्याचे बंदर बळकावले, तिला आपल्या विरोधकांना मायभूमीपासून दूर ठेवण्यासही तेच उपयोगी पडले.

फुटलेल्या जहाजाच्या भरपाईचे निमित्त वर्षा-दोन वर्षांत संपले. इंग्रज मात्र १२८ वर्षे राहिले, आणि १९६७ च्या नोव्हेंबरअखेर गेले.