कान्हेरीच्या वरच्या पायऱ्या

मुंबईतल्या आपल्या वस्त्यांत कान्हेरी पाहिली नाही असे घर शोधावेच लागेल. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचे, गाडीने लेण्यांच्या पायथ्याशी उतरायचे, तीन नंबरच्या चैत्यात वंदना घ्यायची, ओसरीतल्या बुद्धमूर्तीपुढे फोटो काढायचा, सावली बघून डबे सोडायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी. याला आपण ‘कान्हेरी केली’ म्हणतो. वास्तविक कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. आपण पाहतो ती पहिली तीन, फार तर अकरा नंबरचा दरबार. बाकीचा डोंगर तसाच वर राहतो.

तो का राहतो, हे आम्ही घाटकोपरच्या आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत विचारले. उत्तरे ठरलेली आली. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, कुणाच्या काखेत मूल. एक मावशी म्हणाल्या, ‘डोंगर चढणं हे कॉलेजच्या पोरांचं काम, भाऊ. आपलं ते नव्हं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. गंमत अशी, की ‘जमणार नाही’ म्हणणाऱ्यांपैकी एकीनेही तोवर वर जाऊन पाहिले नव्हते. निकाल आधी लागलेला, परीक्षा द्यायचीच नाही, असा प्रकार.

म्हणून गेल्या हिवाळ्यात, सहा डिसेंबरची धावपळ आटोपल्यावर, एका रविवारी आम्ही तेवीस जण निघालो. पूर्वी घाटकोपरहून बोरिवलीला जायचे म्हणजे दादरला गाडी बदलायची, जिने चढायचे, पोरे मोजायची. २०१४ पासून घाटकोपर-अंधेरी मेट्रो झाली, ती सोय आहे. पैसे थोडे जास्त जातात, पण म्हातारी माणसे चेंगरत नाहीत. अंधेरीहून पुढे लोकल. बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेला पार्कचे गेट चालत जाण्यासारखे आहे. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. तरुण मंडळी पायी निघाली, आम्ही बाकीचे गाडीने. तिकिटे दोन काढावी लागतात, एक पार्कचे आणि एक वर पुरातत्त्व खात्याचे. सोमवारी दोन्ही बंद असते, हे मंडळांनी लक्षात ठेवावे. सोमवारची सुट्टी असलेले कामगार बांधव हकनाक फेरी मारून परत गेलेले आम्ही ऐकून आहोत.

त्या बैठकीतल्या मावशी आमच्यासोबत होत्या. वय पंचावन्नच्या पुढे. तीन घरची धुणीभांडी करतात. नातीच्या हट्टापायी आल्या, पण स्टेशनपासूनच त्यांनी सांगून ठेवले होते, ‘मी खाली बसून चपला राखीन. तुम्ही जाऊन या.’ डब्यांची पिशवीही त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतली, म्हणजे खाली बसायला कारण झाले.

आमचा जन्म हिशेबात गेलेला. आम्ही गाडीतच मावशींच्या कामाचा हिशेब मांडला. तीन घरे. एक तिसऱ्या मजल्यावर, दोन चौथ्या. एका इमारतीत लिफ्टच नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी आहे, पण कामवाल्या बायकांनी ती वापरायची नाही असा तिथला नियम. म्हणजे रोजचे अकरा मजले. मजल्याला अठरा पायऱ्या धरल्या तरी एकशे अठ्ठ्याण्णव झाल्या, त्याही रिकाम्या पोटी, घड्याळाकडे बघत. महिन्याच्या दोन सुट्ट्या वजा केल्या तर साडेपाच हजारांच्या वर. ‘मावशी, हा डोंगर तुमच्यासमोर काय आहे?’ आम्ही म्हणालो. त्या हसल्या, पण पटलेले दिसले नाही. म्हणाल्या, ‘ते काम हाय. काम केल्याबिगर कोण सोडतं? हितं कुणी सांगितलंय चढायला?’

या बोलण्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. दुसऱ्याच्या घरचे जिने चढताना ‘मला जमेल का’ हा प्रश्न मनात येत नाही. स्वतःच्या आनंदासाठी चार पायऱ्या चढायच्या म्हटले की गुडघा आठवतो. आमच्या आईचेही असेच होते. गिरणीच्या चाळीत दोन-दोन हंडे घेऊन ती तीन मजले चढायची आणि राणीच्या बागेत गेल्यावर बाकावर बसून राहायची.

चैत्यात वंदना झाली. हा चैत्य दुसऱ्या शतकातला, यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी भावांनी दिलेल्या दानातून झालेला. आत चौतीस खांब. ओसरीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या बुद्धमूर्ती साधारण तेवीस फूट उंचीच्या, त्या नंतरच्या काळातल्या. आमच्यातल्या एका दादांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आहे. त्यांना आम्ही तिथेच थांबवले आणि त्यांनीही ते ऐकले. शंका आणि शहाणपण यांत फरक आहे. डॉक्टरने सांगितलेली गोष्ट वेगळी आणि शेजारणीने सांगितलेली वेगळी. दादांनी चपला आणि पिशव्या राखायचे काम घेतले, त्यामुळे मावशींचे कारण गेले. नातीने हात धरला आणि त्या उठल्या.

सुरुवातीच्या पायऱ्या सोप्या आहेत. ओढ्याच्या कडेकडेने, दरबारापर्यंत. दरबारात दगडी बाकांच्या लांबलचक ओळी आहेत, पोरांनी लगेच तिथे शाळा भरवली. तिथून पुढे माणसे विरळ होतात आणि डोंगर सुरू होतो. चाल आम्ही मावशींची ठेवली. वीस पायऱ्या चढायच्या, शंभर आकडे मोजायचे, पुन्हा वीस. तरुण मुले कुरकुरली. त्यांना सांगितले, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी चालायचे असेल तर सोबत या, नाहीतर वर जाऊन वाट बघा. ती थांबली.

थांबत थांबत चढल्याचा फायदा असा, की लेणी नीट बघता येतात. बहुतेक प्रत्येक विहाराच्या दाराशी पाण्याचे टाके कोरलेले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस कातळात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरतो. विहीर नाही, नळ नाही आणि माथ्यावर शेकडो भिक्खूंची वस्ती, ती या पाण्यावर चालली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजार वर्षे हा डोंगर जागता होता. नव्वद नंबरच्या लेण्यात तर पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली पारशी मंडळी इथे येऊन आपली नावे कोरून गेली. सहलीला आलेल्याने भिंतीवर नाव लिहायची खोड जुनीच दिसते. पोरांना बजावले, त्यांचा इतिहास झाला, तुमचा दंड होईल.

टाकी कुणी दिली ते लेखांत लिहून ठेवले आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असलेला एक लेख टाक्यावरच आहे, ते टाके सतेरक नावाच्या अमात्याने दिले. दुसऱ्या एका टाक्याचा दाता चेमुलचा, म्हणजे आपल्या चौलचा, रोहिणीमित्र सोनाराचा मुलगा. सोपारा, कल्याण, नाशिकच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत, भिक्षुणींची आहेत. मुलींनी विचारले, बायका दान द्यायच्या? द्यायच्या, आणि दगडावर स्वतःच्या नावाने लिहायच्या.

साऱ्या वाटेत एक जागा मात्र अशी आली, की मावशी बसल्याच. उघडा कातळ, उतरता. पायऱ्या आहेत, पण झिजून गुळगुळीत झालेल्या. काही ठिकाणी लोखंडी कठडे आहेत, नेमके इथे नव्हते. उजव्या हाताला खाली झाडांचे शेंडे. मावशींनी एक पाय टाकला आणि मागे घेतला. चेहरा उतरला. ‘भाऊ, बास. माझा पाय घसरला तर माझ्या पोरानं कुणाकडं बघावं? तीन घरं हातची जातील.’ यात खोटे काहीच नव्हते. ज्या घरात एका माणसाचा महिना चुकला की दूध बंद होते, तिथे पाय मुरगळणे ही चैन परवडत नाही. ‘घाबरू नका, काही होत नाही’ हे वाक्य अशा वेळी पोटभर जेवलेल्याचे वाक्य वाटते. आम्ही ते बोललो नाही. शेजारी बसलो. पाणी प्यायलो.

बसल्या बसल्या त्यांना नंदाची गोष्ट सांगितली. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचा एक लोहार आहे, नंद नावाचा. त्याने इथे काय दिले? लेणे नाही, मूर्ती नाही, टाकेही नाही. लोहाराची कमाई ती किती असणार. त्याने वाट दिली. लेखात ‘पथ’ हाच शब्द आहे. अठराशे वर्षांच्या आसपास झाली असतील. राजाच्या अमात्याने पाणी दिले आणि लोहाराने पाय ठेवायला जागा दिली, आणि दोघांची नावे एकाच डोंगरावर. ज्याचे हात रोज ऐरणीवर, त्याला चढणाऱ्याच्या पायांची काळजी वाटली असेल, असे आम्हाला आपले वाटते.

‘कल्याणचा?’ मावशींनी विचारले. ‘आमच्या माहेरचाच की मग!’ त्यांचे माहेर कल्याणचे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या थोडा वेळ समोरच्या पायऱ्यांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, ‘ह्याच का त्या?’ या त्याच, असे सांगता येण्यासारखे नव्हते, आणि तसे आम्ही सांगितलेही नाही. पण हातोडा-छिन्नीने कुणीतरी या बसून खणल्या, एवढे खरे. त्यांनी चपला काढून नातीकडे दिल्या. तळ झिजलेल्या रबरी चपलांपेक्षा अनवाणी पाय कातळाला चांगला धरतो, हे त्यांचेच म्हणणे. पदर खोचला. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला आमच्या मंडळातल्या एक धट्ट्याकट्ट्या ताई, मागे आम्ही. दहा-बारा पायऱ्या असतील. शेवटच्या दोनला त्यांनी दोघींचे हात सोडले.

वर सपाटी आहे. वारा लागतो. चारी बाजूंना जंगल आणि त्याच्या कडेला बोरिवलीच्या इमारती उभ्या. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. २००९ साली झालेला तो पॅगोडा आणि पायाखालचा दोन हजार वर्षांचा डोंगर असे एका नजरेत येतात. डबे खालीच होते, वर आणलेल्या एका पिशवीतल्या चपात्या नि ठेचा तेवीस वजा एक माणसांत वाटला. माकडांपासून मात्र सांभाळावे. पिशवीचा आवाज त्यांना मंगलाष्टकासारखा ऐकू येतो.

आमच्यातली दहावीची एक मुलगी तेव्हा एव्हरेस्टचे सांगत होती. आताच्या तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळांतली दोन मुले, मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंदकुमार, २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली. पूर्णा आदिवासी शेतमजुराची मुलगी, वय चौदाही पूर्ण नव्हते. आनंद दलित कुटुंबातला. बाबासाहेबांचा फोटो त्यांनी सोबत नेला होता. आपल्या महाराष्ट्रातल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले मे २०१८ मध्ये तिथेच जाऊन आली. मुलीला त्यांच्या धाडसाचे कौतुक. आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती आधीची गोष्ट. पूर्णा-आनंद पहिल्यांदा चढले ते भोंगीरचा कातळ. घरापासून फार लांब नसलेला एक नागडा डोंगर. त्यानंतर दार्जिलिंग, लडाख, मग एव्हरेस्ट. शिकवणारे होते, दोर होता, पोटाला अन्न होते, आणि तू चढू शकतेस असे सांगणारी शाळा पाठीशी होती. आपल्या पोरांपाशी यांतले काय आहे आणि काय नाही, याचा विचार मंडळांनी करायला हरकत नाही. कातळ तर बोरिवलीला आहेच. पावसाळ्यात मात्र वर नेऊ नये, शेवाळाने पाय टिकत नाही.

उतरताना खरी कसोटी लागली. चढताना डोंगर समोर असतो, उतरताना खोली समोर येते. तोच गुळगुळीत कातळ आला. मावशींनी कुणाला विचारले नाही. खाली बसल्या, दोन्ही हात मागे टेकले आणि बसूनच एकेक पायरी सरकत उतरल्या. वरच्या बाजूला कॉलेजची चार-पाच मुले उभी होती, त्यांतला एक हसला. मावशींनी मान वळवून पाहिले. ‘हस बाबा. तुझी आई आणली असतीस तर तिला बी अशीच उतरवली असती.’ तो मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने तोच पुढे येऊन ‘आजी, इथून धरा’ म्हणून हात देऊ लागला. मावशींनी हात घेतला नाही, पिशवी दिली.

चैत्यापाशी बायपासवाले दादा वाट बघत होते. ‘काय होतं वर?’ त्यांनी विचारले. मावशींनी पाण्याची टाकी सांगितली, वारा सांगितला, पॅगोडा सांगितला. नंद लोहाराचे सांगताना तो कल्याणचा, हे दोनदा सांगितले. मग परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘भाऊ, अंधेरीला पण लेणी हायत म्हणं आपली, कोंडिवट्याला. तिथं चढ किती?’ महाकालीची लेणी टेकडीवर आहेत, चढ फारसा नाही, असे आम्ही सांगितले. ‘मग ती नंतर बघू,’ मावशी म्हणाल्या, ‘आधी लेण्याद्रीची तारीख काढा.’