चंदेरीचा केबाया

ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या एका लग्नात भाची चंदेरीचा केबाया घालून आली आणि अर्धा मांडव नवरी सोडून तिच्याकडे बघत बसला. समोरून उघडा, कंबरेखाली टोकेरी, बटणं नाहीतच. साखळीने जोडलेल्या तीन पिनांवर सगळी भिस्त. खाली उज्जैनजवळच्या भैरूगढचं बाटिक गुंडाळलेलं. मावशीने विचारलंच, "पुढचं मागे घातलंस का गं?"

ही तऱ्हा मलाक्का-पिनांगच्या न्योन्यांची. चिनी व्यापारी बंदरात उतरले, तिथल्याच बायकांशी त्यांनी संसार थाटले. पुढची प्रजा पेरानाकन, त्यांतल्या बायका न्योन्या. देवघर चिनी, ताटात सांबल, बोलण्यात मलय. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला यात काय परकं? १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे लष्कर शहर वसवलं, त्यांच्या मागोमाग आपण रुजलो. आरती मराठीत, भांडण हिंदीत.

न्योन्यांच्या केबायाला झिरझिरीत कापडच लागतं, म्हणजे चंदेरी शोभणारच. वर जरदोशी लादली नाही, हे तर फारच बरं केलं. मी अडकलो ते बाटिकवर. मेण तडकतं, भेगांत रंग झिरपतो आणि त्या जाळीवर भैरूगढ खूश असतं. जावातला जुना कारागीर तीच जाळी पाहून कापड बिघडलं म्हणेल. तिथे चांतिंग नावाच्या हत्याराच्या बारीक तोटीतून मेणाची रेघ ओढायची, मग कापड उलटून मागूनही तीच. उत्तम कामाला महिने जातात. 'तिगा नगेरी' नावाचं बाटिक तर रंगासाठी गावोगाव हिंडायचं: लाल लासेमला, निळा पेकालोंगानला, तपकिरी सोलोला. लासेमचा लाल दुसरीकडे उतरत नाही म्हणे, तिथल्या पाण्याचा गुण. प्रत्येक गावी जुनं मेण उकळून काढायचं, नवं चढवायचं. लाल नसलेलं, नुसतं निळं-पांढरं बाटिक न्योन्या सुतकात नेसत. आपल्याकडे उलटं असायचं, विधवेच्या अंगावर आलवण, तेही लाल. पणजीचा आलवणातला एकच फोटो घरात आहे, कृष्णधवल. तो लाल मी कधी पाहिलाच नाही.

२०२४ मध्ये पाच देशांनी मिळून केबाया युनेस्कोच्या यादीत नेला. भांडले नाहीत, याचंच मला अप्रूप.

आणि हे कापड एकाच दिशेने थोडंच आलंय? गुजरातमधल्या पाटणची पटोळी जहाजांनी जावाकडे जात, घराण्याची ठेव म्हणून जपली जात. पेकालोंगानचं ज्लाम्प्रांग म्हणजे पटोळ्याचीच मेणातली नक्कल. पटोळी विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, असं सांगतात. मोठ्या अभिमानाने हे भाचीला ऐकवलं, तर तिने पटोळ्याची किंमत विचारली.