लिंबूटिंबू

लहानपणी वाडीत लगोरी खेळताना मी ‘लिंबूटिंबू’ असे. बाद झालो तरी बाद नाही! ही सवलत मला इतकी मानवली, की पाय लांब झाल्यावरही वर्षभर मी मुद्दामच हळू धावत होतो.

हेच शास्त्र पुढे अमेरिकेत भेटलं. इंडियानापोलिसला मुलाकडे गेलो होतो. “बाबा, चला, ड्रॅग रेस दाखवतो,” म्हणाला. पाव मैल सरळ रस्ता, दोन मोटारी, मधे दिव्यांचा खांब. हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. आमच्या एस.टी.चा पहिला गिअर पडायलाच तेवढा वेळ लागतो.

१९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने ‘स्टॉक’ गाड्यांचे वजन आणि अश्वशक्ती यांच्या प्रमाणावरून वर्ग पाडले आहेत. प्रत्येक वर्गाला एक ठरीव वेळ. तिचं नाव इंडेक्स. तिच्याहून जितक्या कमी वेळात पोचाल, तितका पात्रता फेरीत वरचा नंबर. पण फारच लवकर पोचलात, तर त्या इंजिनावर कागदोपत्री अश्वशक्ती चढते. मग गाडीत वजन भरा, नाहीतर वर्ग बदला. म्हणून शहाणे लोक शेवटाजवळ हळूच ब्रेक दाबतात. सगळे लिंबूटिंबू!

गंमत पुढेच आहे. हा दंड एका गाडीला नसतो, त्या जातीच्या सगळ्या इंजिनांना असतो. जुन्या गाडीच्या डिकीशी वाकलेले एक आजोबा म्हणाले, “पळाला दुसराच, वजन माझ्या डिकीत.”

मला एकदम आमचं ऑफिस आठवलं. साहेबांवर छाप पाडायला मी एकदा दिवसात चाळीस प्रकरणं निकालात काढली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक टेबलाला कोटा चाळीस! शेजारच्या टेबलावरच्या काकांना दमा होता. ते काही बोलले नाहीत. फक्त डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे बंद झाले.

म्हणून माझं आपलं साधं मत. एका वीराची एक धाव पाहून नियम हलवू नये. अनेक गाड्यांच्या अनेक धावांची सरासरी घ्यावी, थंड हवेने दिलेला वेग वजा करावा, आणि चढवलेली अश्वशक्ती उतरवायलाही एक जिना ठेवावा.

आजोबांनी विचारलं, “तुमच्याकडे असतात का हो अशा शर्यती?”

“असतात,” मी म्हटलं, “पण टेबलांच्या. आणि तो ‘दुसराच’ मी होतो.”

आजोबा हसले. त्यांना तो विनोद वाटला.