एका हिरव्या रेषेचे वाचन

नाशिकहून गंगापूर धरणाकडे गेले की हिवाळ्यात आकाश अजून बऱ्यापैकी काळे मिळते. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो मृगातील तेजोमेघ. तो पाहताना मला कावसजी दादाभाई नायगमवाला यांची आठवण होते, आणि पाठोपाठ स्वतःच्या एका चुकीची.

काही तेजोमेघ हे दूरचे तारकापुंज नसून विरळ वायू आहेत, हे विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये वर्णपटावरून दाखवले. त्या वर्णपटात मोजक्याच तेजस्वी रेषा होत्या. त्यांतील ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे मात्र उलगडेना. नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड होती आणि तेजोमेघ उल्कांच्या टकरींतून उजळत होते. तसे असते, तर रेषा एका बाजूस पुसट होत गेलेली दिसायला हवी होती.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधाराने वेधशाळा उभी राहिली होती. तेथून नायगमवालांनी मृगातील ती रेषा पाहिली आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात कळवले, की रेषा रेखीव आहे. हगिन्स आणि अमेरिकेतील कीलर यांचेही वेध लॉकियर यांच्या विरोधातच जात होते.

रेषा कशाची, हे नायगमवालांना ठाऊक नव्हते. ते कोडे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये सोडवले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा. तोवर पुण्याची वेधशाळा बंद होऊन पंधरा वर्षे लोटली होती. १९१२ मध्येच तिची उपकरणे कोडाईकनालला गेली होती.

माझी चूक अशी. एका विद्यार्थिनीने एका कवितेचा अर्थ मान्यवर समीक्षकाहून वेगळा लावला. "हे कोणाच्या आधारे म्हणतेस?" असे मी विचारले. ती गप्प बसली. तिचा आधार कवितेतलीच एक ओळ होती, हे मला घरी आल्यावर, कविता पुन्हा वाचताना कळले. समीक्षकाच्या अर्थात ती ओळ बसतच नव्हती. साहित्याचा अध्यापक म्हणवून घेणाऱ्या मी ओळ न पाहता नाव पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तसे सांगितले. तेव्हापासून आधार विचारताना "ओळ दाखव" एवढेच म्हणतो.