सप्तमीतले गाव

वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन. एक नागपूरच्या बाजूची, तिच्या नावापुढे कंसात 'रेल्वे' लिहितात. दुसरी आमची. ही वर्ध्याला इतकी चिकटून बसली आहे की शहर कुठे संपले आणि गाव कुठे लागले, हे पाटी वाचल्याशिवाय नव्या माणसाला समजू नये. हिच्यापुढे 'मेघे' लागते; शेजारच्या सावंगीला आणि बोरगावलाही तेच लागते. मेघे हे आडनाव या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण वीस वर्षे व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला त्यात संस्कृतातली सप्तमी दिसते, त्याला इलाज नाही. मेघे, म्हणजे मेघात. गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर एका शनिवारी हे गाव खरोखरच सप्तमीत गेले, त्या दिवसाची ही हकीकत.

आमच्या घरासमोर इंजिनिअरिंगची सहा पोरे खोली घेऊन राहतात. घरमालकाच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी चार महिने खपून एक गाडी तयार केली होती. गाडी कसली, लोखंडी नळ्यांची खाटच ती! जमिनीपासून चार बोटे वर, मागे जुन्या मोटारसायकलचे इंजिन, आणि स्प्रिंगचे नाव नाही. तिला 'कार्ट' म्हणतात. 1956 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून असली पहिली गाडी केली, ही माहितीही मला त्या पोरांनीच दिली. मराठीच्या प्राध्यापकाला एवढे कुठून ठाऊक असणार?

शर्यत दोन तासांची होती. पाच संघ, आणि जवळच्याच एका कॉलेजच्या आवारातला अर्ध्या किलोमीटरचा डांबरी फेरा. वेगाची मातब्बरी नाही. दोन तासांत ज्याचे फेरे जास्त, तो पहिला. चालक निदान दोनदा बदलायचा. मला ही कल्पना एकदम आवडली, कारण असल्या दमाच्या परीक्षेची वर्ध्याच्या मातीला सवय आहे. इथल्या मगन संग्रहालयात ओळीने मांडलेले चरखे मी पाहुण्यांना नेहमी दाखवतो. 1929 साली चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी वाचण्यासारख्या आहेत. आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत निघाले पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, यंत्र वीस वर्षे टिकले पाहिजे, आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या शेकडा पाचावर जाता कामा नये. ते लाख रुपये कोणालाच मिळाले नाहीत! आमच्या पोरांपुढे त्या मानाने दोनच तास होते.

पण माझ्या मनाला एक टोचणी होती. त्या सहांतला एक, या गाडीचा मुख्य मिस्त्री, हिंगणघाटकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. जूनमध्ये वडील त्याला पोहोचवायला आले, तेव्हा जाताना माझ्या ओट्यावर टेकले होते. "सर, तुमी समोरच राहता. पोट्ट्यावर जरा लक्ष असू द्या," म्हणाले. पुढे पोळ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला, तेव्हा मी "अभ्यास उत्तम चालला आहे" असे ठोकून दिले. पोराचे दोन विषय राहिले होते, हे मला ठाऊक होते. रात्री बारापर्यंत शेडमधून येणारा कानशीचा आवाजही मी रोज ऐकत होतो. का खोटे बोललो कोण जाणे! ती गाडी पुरी झालेली मलाच पाहायची होती, हे कारण असावे.

शनिवारी सकाळपासून परतीच्या पावसाने धरले. फेरे मोजण्याचे काम माझ्याकडे होते. पाटीवरचा खडू पाच मिनिटांत वाहून गेला, तेव्हा मी पावशेर फुटाणे मागवले आणि दर फेऱ्याला एक फुटाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकू लागलो. चौकीदाराचा धाकटा मुलगा माझ्या छत्रीत उभा होता. त्याने उजव्या खिशातले किती फेरे खाल्ले, याचा हिशेब लागला नाही. नशीब, आयोजकांची मोजणी वेगळी होती.

गाडी वळणावर वळेना. चालक चाक फिरवी आणि गाडी सरळ गवतात जाई. माझ्या पाठीमागून कोणी तरी म्हणाले, "वळन कशी? मागची दोनी चाकं एकाच आसाले जखडून ठेवली ना." वळून पाहतो तो मिस्त्रीचे वडील! डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात. माझ्या पोटात गोळा आला. ते मात्र गाडीकडेच पाहत होते. "बंडीचं चाक आसावर आपलं आपलं फिरते, सर. बाहेरचं जास्त चालते, आतलं कमी." पोरांनी मला कागदावर आकृत्या काढून जे समजावले होते, ते हेच. या गाडीचे आतले चाक वळणावर किंचित उचलले गेले तरच ती वळते. ओल्या डांबरावर पकडच नाही, तर चाक उचलणार कसे? पोरांनी पुढची चाके अंगठाभर बाहेर सरकवली, आणि आठवडाभराच्या सरावाने रबर बसून शेवाळासारखी निसरडी झालेली आतली वाट सोडून बाहेरून वळायचे ठरवले. गाडी वळू लागली.

तासाभराने इंजिन खोकू लागले. प्लगच्या टोपीत पाणी. मिस्त्री पुसतो, गाडी दोन फेरे जाते, पुन्हा खोकते. चार संघ आमच्यापुढे होते. वडील पुढे झाले, एका सायकलची फाटकी ट्यूब मागून घेतली, टोपी सदऱ्याच्या आतल्या कोरड्या बाजूने पुसली आणि तिच्यावर ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली. "फवारनीच्या पंपाले असंच करतो मी." बापलेक एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. चार हात मात्र एकाच इंजिनावर चालत होते.

आम्ही तिसरे आलो. दोन गाड्या पाण्याने बंद पडल्या हेही त्याचे कारण. खोटे कशाला सांगू?

नंतर टपरीवर चहा घेताना वडिलांनी विचारले, "सर, दोन विषय राह्यले ना त्याचे?"

मी मान खाली घातली. "हो. मी तुम्हांला सांगायला हवे होते."

"सांगाले पायजे होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले. मग त्यांनी खिशातून मूठभर सोयाबीनच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. कापून पाच दिवस शेतात पडलेल्या. मी एक उकलली. आत दाण्याला पांढरा कोंब फुटला होता.

"अर्धं असंच झालं. बाकीचं ढीग करून ठेवलं, पन झाकाले पुरत नाही. याले न्यायाले आलो होतो मी. इथं पाह्यलं त थांबलो."

मिस्त्री काही न बोलता उठला. शेडमध्ये जाऊन त्याने गाडीवरची ताडपत्री ओढली, बाकीच्या पाचांनी तिची घडी घातली, आणि हिंगणघाटच्या सहाच्या एसटीत बापलेक ती मांडीवर घेऊन बसले.