फाइल कुणाच्या हाती

सोळा-सतरा वर्षांचं मूल उपचारांसाठी येतं तेव्हा त्याची फाइल बहुधा आईच्या पिशवीत असते. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, मागच्या खेपेला डोस का वाढवला, पुढची तारीख कोणती, हे सगळं आईला तोंडपाठ असतं. मुलाला विचारलं तर ते आईकडे बघतं. आजाराच्या पहिल्या दिवसांत हे असंच असावं लागतं, त्यात आईचं काही चुकत नाही. पण मग बारावीचा निकाल लागतो, प्रवेश दुसऱ्या शहरात मिळतो आणि मूल हॉस्टेलवर जातं. गादी जाते, दाखले जातात, लाडूंचा डबा जातो. आजाराची माहिती तेवढी घरी राहते. मनोविकारतज्ज्ञ म्हणून माझं ठाम मत आहे की तरुणांचे उपचार तुटण्याची सर्वांत मोठी जागा ही आहे. ते तुटू द्यायचे नसतील, तर उपचारांची सूत्रं पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून थोडी थोडी मुलाच्या हाती द्यायला हवीत, आणि तीही घरच्यांना दूर न लोटता.

हे वय मुळातच नाजूक आहे. जगभरातल्या १९२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार मानसिक आजार होणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांचा आजार चौदाव्या वर्षाआधी सुरू झालेला असतो, ४८ टक्क्यांचा अठराव्याआधी आणि ६२ टक्क्यांहून अधिक जणांचा पंचविशीच्या आत. म्हणजे आयुष्याची घडी बसण्याची आणि आजार डोकं वर काढण्याची वर्षं एकच. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. (सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही खंत आहेच.) त्याच सर्वेक्षणानुसार बहुतेक मानसिक आजारांत शंभरातल्या सत्तर किंवा त्याहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. इतक्या अडथळ्यांतून जी मुलं दवाखान्यापर्यंत आली, ती अठराव्या वर्षी हातची जाऊ देणं मला परवडणारं वाटत नाही.

इंग्लंडमध्ये मुलांची आणि प्रौढांची मानसोपचार सेवा वेगवेगळी असते. तिथे वयाचा उंबरठा ओलांडणाऱ्या १५४ तरुणांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा नीट, ठरवून केलेलं हस्तांतर पाच टक्क्यांहूनही कमी जणांच्या वाट्याला आलेलं दिसलं. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत पंधरा वर्षांच्या मुलीला आणि पस्तिशीतल्या बापाला एकच डॉक्टर तपासतो. उंबरठाच नाही, मग अडखळायचं कशाला, असं वाटेल. यात थोडं तथ्य आहे. पण उंबरठा नसल्यामुळे ‘आता हे कोण सांभाळणार?’ हा प्रश्नही कुणी विचारत नाही.

कायदा मात्र एका रात्रीत बदलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन मुलाचे निर्णय पालक घेतात. मूल रुग्णालयात दाखल असताना अठरा वर्षांचं झालं, तर त्याची नोंद स्वतंत्र रुग्ण म्हणून करावी लागते. त्या दिवसापासून संमती त्याची आणि माहितीही त्याचीच. चार वर्षं फाइल वाहणारी आई कायद्याच्या लेखी बाजूला होते. पण हाच कायदा जोडणीचं साधनही देतो. प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो आणि हवं तेव्हा बदलताही येतो. आजार बळावल्यावर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याचा आगाऊ निर्देशही देता येतो. हे कागद आपण दाखल करायच्या धावपळीत भरून घेतो. ते बरं असतानाच, घरी बसून, बोलून लिहायला हवेत. मुलगा आईचंच नाव लिहील, कदाचित ताईचं किंवा मामाचं. ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट पाहिलेल्यांना शेषची काळजी वाहणारी बहीण आठवेल. नाव आईचंच असलं तरी आता ते मुलाने निवडलेलं असतं, आणि तिचा शब्द ऐकण्याची त्याची तयारी त्यामुळे वाढते.

सूत्रं देणं म्हणजे नेमकं काय? पंधराव्या वर्षी मुलाला आजाराचं आणि गोळ्यांचं नाव सांगता यावं. सोळाव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत दहा मिनिटं त्याने एकट्याने डॉक्टरांशी बोलावं. सतराव्या वर्षी तारीख त्याने घ्यावी, औषधं त्याने आणावीत. काही गोष्टी तर जिवावर बेतणाऱ्या आहेत. लिथियम घेणाऱ्या मुलाला ठाऊक हवं की जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, किंवा रूममेटने दिलेली आयब्युप्रोफेनची गोळी घेतली, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. व्हॅल्प्रोएट गर्भावस्थेत घेतलं गेलं तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, बौद्धिक विकासावरचा परिणाम वेगळाच. चौदाव्या वर्षी ते औषध सुरू झालेल्या मुलीला ही गोष्ट लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, तिला स्वतःला, स्पष्ट शब्दांत कळायला हवी. आईच्या कानात सांगून ते काम होत नाही.

पालक म्हणतात, आजारात त्याला काय कळतंय? भीती खरी आहे. आजार उसळल्यावर समज काही काळ झाकोळते. पण वाईट पंधरवडा म्हणजे अख्खं वर्ष नव्हे. कायदाही निर्णयक्षमता आहे असं गृहीत धरूनच चालतो. उलट्या बाजूने काहीजण म्हणतात, मूल सज्ञान झालं, घरच्यांनी आता मध्ये पडू नये. तेही मला पटत नाही. चेन्नईतल्या स्कार्फ या संस्थेच्या आणि मॉन्ट्रियल इथल्या पहिल्या सायकोसिसवरच्या सेवांची तुलना झाली आहे. चेन्नईत कुटुंबांचा सेवेशी संपर्क अधिक होता आणि उपचार अर्ध्यावर सोडणारेही कमी होते. कुटुंब हे आपलं बळ आहे. बदलायची आहे ती त्याची जागा. राहिला प्रश्न मनुष्यबळाचा. लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही हे खरं, पण दहा मिनिटांच्या एकांताला नवी इमारत लागत नाही, आणि परिचारिका किंवा सामाजिक कार्यकर्ता हे शिकवणं माझ्याइतकंच चांगलं करू शकतात. टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अडल्या रात्री उपयोगी पडतो, मात्र मुलाचा आजवरचा इतिहास त्या फोनला माहीत नसतो.

म्हणून बाहेरगावी निघालेल्या प्रत्येक तरुणाच्या मोबाइलमध्ये मराठीत लिहिलेलं एक पान असावं, असा माझा आग्रह आहे. निदान, चालू औषधं, पूर्वी न मानवलेली औषधं, प्रतिनिधीचा फोन नंबर, नव्या गावातल्या डॉक्टरांचं नाव. एवढं डॉक्टरांनी लिहावं. ‘माझं बिघडायला लागलं की सगळ्यात आधी काय होतं’ या ओळीपुढची जागा मात्र कोरी सोडावी. झोप उडते, आंघोळ टळते, की आईचा फोन घ्यावासा वाटत नाही, हे त्याने स्वतःच्या शब्दांत भरायचं.